चौदाच म्हणायचं

१

वातचं खरं नाव शाळेच्या दाखल्यावर होतं आणि तिथेच राहिलं. घरात, गल्लीत आणि आता या ट्रेनिंग सेंटरमध्येही सगळे तिला वातच म्हणायचे, कारण ती आणायची. दहावीला दोनदा आपटली, तिसऱ्यांदा सुटली, बारावीला कशीबशी काठाला लागली. मग ताईने, जी खरोखरच्या विमानात ट्रॉली ढकलायची, चार लोकांच्या हातापाया पडून तिला इथे चिकटवलं. "माझं नाक कापू नकोस," एवढंच ताई म्हणाली. वातने तिच्या नाकाकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "कापण्यासारखं आहे कुठे." ताईने चप्पल फेकून मारली. म्हणजे सुरुवात तशी नेहमीसारखीच झाली.

सेंटर म्हणजे एक लांबडी पत्र्याची शेड आणि शेडमध्ये एक म्हातारं विमान. पंख नाहीत, शेपूट नाही, चाकं नाहीत. लोखंडी घोड्यांवर टेकवून ठेवलेलं नुसतं पोट. टॉयलेटचं दार उघडलं की झाडू अंगावर पडायचा. खिडक्यांना बाहेरून काळा रंग फासलेला. आत सीटच्या चौदा ओळी, आणि बरोबर मध्यावर, सातवी ओळ संपली की, जमिनीपासून छतापर्यंत गोल फिरलेली एक हातभर रुंद ॲल्युमिनियमची पट्टी. फाटक्या पँटला ठिगळ लावावं तशी, रिव्हेट मारून बसवलेली. तिच्यावर बूट पडला की टण्ण वाजायचं. सगळे ती ओलांडूनच जायचे. का ते कोणी कोणाला विचारलं नव्हतं.

शिकवायला मॅडम. बावीस वर्षं हवेत काढून गुडघे गेले म्हणून जमिनीवर आलेल्या. बाकी सगळं ठणठणीत, फक्त एक खोड. रिकाम्या विमानातून चालताना त्या पट्टीशी आल्या की हळूच म्हणायच्या, "जरा पाय." कोणालाच उद्देशून नाही, आपलं पुटपुटल्यासारखं. इतकी वर्षं ट्रॉली ढकलून जीभच तशी वळलीय, असं पोरं म्हणायची. वात त्यांची नक्कल इतकी हुबेहूब करायची की एकदा मॅडमच जागच्या जागी थबकल्या होत्या. हसल्या मात्र नव्हत्या.

दिवसभर काम काय, तर ओरडायचं. "इकडे या. माझ्या आवाजाकडे या." धुरात लोकांना दिसत नाही, आवाज तेवढा कळतो, म्हणून. रोज शंभर वेळा. वात घरी जेवायला बसली तरी तोंडातून तेच निघायचं. आई वैतागून म्हणायची, "अगं आलेय की. पातेलं घेऊन तुझ्या डोक्यावरच उभी आहे."

२

धुराची परीक्षा रोज चारला, एकेकाची. मागच्या दारातून आत शिरायचं. हातात नारिंगी हातमोजे. बाहेर धूरवाले काका मशीन चालू करायचे. नाटकात सोडतात तसला पांढरा धूर, वासाला गोडसर, करपलेल्या साखरेसारखा. मिनिटभरात स्वतःचा हात स्वतःला दिसत नाही. मग रांगत पुढे जायचं आणि डाव्या हाताने प्रत्येक सीटच्या कडेवर थाप मारत ओळी मोजायच्या. पुढचं दार लागलं की उघडून बाहेर. बाहेर मॅडम कागद घेऊन उभ्या. "ओळी किती?" "चौदा." पास. कारण खऱ्या विमानात आकडा चुकला की दार मागे राहतं आणि माणूस पुढे जातो.

उत्तर आधीच माहीत असलेली परीक्षा वातच्या आयुष्यात ही पहिलीच. तिला वाटलं, देवाने शेवटी ऐकलं.

आणि अशा परीक्षेत ठोकळा नापास झाला.

ठोकळा म्हणजे वातच्या बॅचमधला सगळ्यात मोठा देह. दारात उभा राहिला की दार लावल्यासारखं वाटायचं. स्वभावाने मात्र एकदम सरळ, इतका की लोकांना त्याचाच त्रास. आधी मामाच्या टायरच्या गोदामात होता. मामाने सांगून ठेवलं होतं, तीन संधी देतात ना, तिन्ही घे आणि मग गुपचूप गोदामात ये. मामाची खात्रीच होती.

"ओळी किती?" मॅडमनी विचारलं.

"तेवीस," ठोकळा म्हणाला.

"किती?"

"तेवीस, मॅडम. मी बोटांवर पण मोजल्या."

मॅडमनी त्याच्याकडे बघितलंच नाही. त्यांनी मान वळवून वातकडे बघितलं. बाकीच्या दहा जणांनीही बघितलं. तिचं रेकॉर्डच तसं होतं. छातीवर दाब द्यायला शिकवायचा रबरी पुतळा तिने मागच्या आठवड्यात टॉयलेटमध्ये पेपर वाचत बसवला होता आणि झाडूऐवजी तो लिपस्टिकच्या अंगावर पडला होता. लिपस्टिक म्हणजे बॅचमधली एक मुलगी, नाव का पडलं ते तिच्याकडे बघितलं की कळायचं.

"काय केलंस तू?" मॅडम म्हणाल्या.

"मी? मॅडम, मी नऊ ओळी कुठून आणणार? पिशवीतून?"

"तेच विचारतेय."

एवढा वैताग वातला आयुष्यात कधी आला नव्हता. केलेल्या गोष्टीसाठी बोलणी खायची सवय असते माणसाला. न केलेल्यासाठी खायची म्हणजे फुकटचा अपमान.

३

दुसऱ्या संधीलाही ठोकळा बाहेर आला, खोकला, आणि म्हणाला, "तेवीस."

संध्याकाळी दोघं शेडच्या मागच्या पायऱ्यांवर बसले. ठोकळ्याचा हातमोजा वातच्या मांडीवर होता आणि ती त्याच्या मधल्या बोटावर काळ्या मार्करने दात विचकलेलं एक तोंड काढत होती. डोकं चालवायचं असलं की तिच्या हाताला काहीतरी चाळा लागायचा.

"तू चौदा म्हण ना," ती म्हणाली.

"पण तेवीस होत्या."

"अरे आत्ता जाऊन बघ. चौदा आहेत. माठ आहेस का?"

"बघितल्या. चौदाच आहेत. पण तुला काय बघितलं ते विचारत नाहीत, काय मोजलं ते विचारतात."

"मग खोटं बोल. काय जातं तुझं?"

"उद्या खऱ्या विमानात आग लागली आणि मी खोटं मोजलं तर माणसं जातील, वात."

तिने तोंडाला दोन शिंगं काढली आणि मोजा त्याच्या अंगावर फेकला. तिच्या रागाचं खरं कारण वेगळंच होतं. तिने स्वतःच्या परीक्षेत मजा म्हणून खरंच मोजलं होतं. आणि चौदा झाल्यावर दार आलं नव्हतं. पंधरा आली, सोळा आली. तिला वाटलं आपलं गणित, आपल्यालाच माहीत. तेविसाव्याला दार लागलं आणि बाहेर येऊन ती बिनदिक्कत "चौदा" म्हणाली. आयुष्यभर दुसऱ्याच्या पेपरात बघून लिहिलेलं, इथे तर उत्तर फळ्यावरच होतं.

आणि आणखी एक होतं. अकराव्या की बाराव्या ओळीला तिचा हात जरा खाली गेला होता. बुटाला लागला होता. लहान बूट, वर चिकटपट्टी, पोरांचे असतात तसा. तो बूट आत घेतला गेला. घाबरून नव्हे. वाटेत ट्रॉली आली की माणूस जसे पाय आत घेतो तसा, आपला सवयीने.

विमान रिकामं होतं. धुरात एका वेळी एकच जण.

कोणीतरी आपला पोपट करतंय, असं तिने ठरवलं. दुसऱ्या दिवशी ती बॅचमधल्या एकेकाला गाठत सुटली. सगळ्यांचं एकच. चौदा, चौदा, चौदा, काय डोकं खातेस. शेवटी लिपस्टिक टॉयलेटच्या आरशासमोर डोळ्यांत काजळ घालत होती तेव्हा वात तिच्या मागे जाऊन उभी राहिली.

"किती होत्या?"

"चौदा."

"मोजलेल्या की माहीत असलेल्या?"

लिपस्टिकचा हात थांबला. "मोजतं कोण बाई," ती म्हणाली. "बारा-तेरापर्यंत मोजलं, मग सोडून दिलं. चौदाच म्हणायचं असतं ना?" मग काजळाची कांडी बंद करत, आरशातूनच, तिने विचारलं, "तुला पण पाय लागले का गं?"

"कोणाचे?"

"काही नाही," लिपस्टिक म्हणाली आणि पर्स उचलून चालती झाली.

४

वातने दिवे लावून ओळी मोजल्या. चौदा. डोळ्यांना रुमाल बांधून, रांगत, थापा मारत मोजल्या. चौदा, आणि कपाळावर एक टेंगूळ. म्हणजे गडबड धुरातच होती. धुरात कोणीतरी आत लपतं, खुर्च्या थोपटतं, पाय आत घेतं आणि बाहेर येऊन साळसूदासारखं तोंड करतं. वातला हे अगदी पटलं, कारण तिने स्वतः हेच केलं असतं.

तेव्हा चोराला पकडायला ती स्वतःच लपली. शुक्रवारी लिपस्टिकची परीक्षा परत होती, मागच्या वेळी तिने हातमोजे घातले नव्हते म्हणून. चारला पाच कमी असताना वात मागच्या दाराने सटकली आणि सातव्या ओळीत, खिडकीकडच्या सीटखाली आडवी झाली. ठिगळाची पट्टी हाताच्या अंतरावर.

धूर आला. गोड वास घशात बसला. मग मागून थप. थप. लिपस्टिकचं मोजणं, आणि तिची श्वासाची फुसफुस. पाच. सहा. सात, अगदी डोक्याशी. आता पट्टीवर गुडघा पडून टण्ण वाजणार म्हणून वातने कान टवकारले.

टण्ण वाजलं नाही.

थप झालं, पण लांबून. पुढची थाप आणखी लांबून. शेजारच्या इमारतीत कोणी गादी झोडावी तशी. वातने मोजल्या, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. आठ, नऊ, दहा. लिपस्टिक तिच्या पुढे गेली नव्हती. गेली असती तर मधल्या वाटेत पसरलेल्या वातच्या हातावरून गेली असती, हात तिने मुद्दाम तिथे ठेवला होता. सोळाव्या थापेपर्यंत आवाज विहिरीतून आल्यासारखा झाला होता.

मग थप. सतरावी. आठव्या ओळीत, पट्टीच्या पलीकडे, अंगाला खेटून. लिपस्टिकची फुसफुस परत सुरू झाली, जशी मध्ये थांबलीच नव्हती.

वात पडून राहिली. शहाण्या माणसाने विचार करावा तसा तिने विचार केला. धुरात आवाज फसवतो. पत्रा आहे, घुमतो. लिपस्टिक वरून उडी मारून गेली असेल. हे शेवटचं तिलाच इतकं बावळट वाटलं की ती हसली, आणि हसताना धूर गिळला, आणि खोकली.

पुढे काय झालं ते सांगायला नको. धूर बसला, दिवे लागले, आणि मॅडम सातव्या ओळीपाशी कमरेवर हात ठेवून उभ्या.

"ये बाहेर."

"मॅडम, मी चोर पकडत होते."

"सापडला की," मॅडम म्हणाल्या.

शेवटची ताकीद, लेखी. आणखी एक चाळा आणि नाव कट. सोमवारी ठोकळ्याची तिसरी संधी, त्या दिवशी वातने शेडच्या आसपास फिरकायचं नाही. "त्याचं भवितव्य आहे ते," मॅडम म्हणाल्या, "तुझ्या गमतीचा खेळ नाही." वातला सांगावंसं वाटलं की लिपस्टिकने चौदा सांगितल्या आणि तेवीस थोपटल्या. पण तिच्या तोंडून निघालेलं आजवर कोणी खरं मानलं होतं? तिने स्वतःसुद्धा नसतं मानलं.

५

बाहेर धूरवाले काका मशीनची नळी गुंडाळत होते. त्यांना ऐकू कमी यायचं, म्हणून वात त्यांच्याशी नेहमी ओरडून आणि अगदी मनातलं बोलायची.

"काका, हे ठिगळ कशाचं?"

"जोडलंय ते," काका म्हणाले. "दोन ट्रेलरवर आलं विमान. बघतात तर शेड आखूड. सेंटरच्या साहेबांनी माप स्वतः घेतलं होतं ना, पावलांनी. मग मधला तुकडा कापला आणि दोन्ही टोकं जुळवली. मीच होतो कापायला."

"केवढा तुकडा?"

"नऊ ओळी."

गणितात वातला पस्तिसाच्या वर कधी मिळाले नव्हते. पण चौदा आणि नऊ तिलाही जमलं. मागोमाग नेहमीचा वैताग आला. अरे, हे कोणी आधी सांगायचं की नाही?

"काय झालं त्याचं? भंगारात?"

"छे. बायपासला ती मुलांची बाग आहे ना, तिथे ठेवलाय. आत बसून कॉफी पितात लोक. माझी नात गेली होती. तिला नाही आवडलं." काकांनी नळीला गाठ मारली. "म्हणाली, सारखे पाय उचलायला लावतात."

६

सोमवारी साडेतीनला वात बागेत होती. सकाळीच तिने ठोकळ्याला फोन करून सांगितलं होतं, चौदा म्हण, तुझ्या पाया पडते, एकदाच चौदा म्हण. तो म्हणाला, "बघतो, किती भरतात." कपाळ बडवून घेण्यापलीकडे काही उरलं नव्हतं.

नऊ ओळींचा तुकडा घसरगुंडीच्या शेजारी ठेवला होता. बाहेरून पिवळा, वर हसरे ढग. मागच्या बाजूला शिडी आणि दार, पुढची बाजू प्लायवूडने बंद, तिच्यावर टोपीवाला पायलट रंगवलेला. त्याचे दोन्ही डोळे एकाच बाजूला बघत होते. छताला स्पीकर, त्यातून इंजिनाची घरघर. कोपऱ्यात एक काकू कॉफीचं मशीन घेऊन बसल्या होत्या.

वात डाव्या बाजूला, मागून पाचव्या ओळीत, वाटेकडच्या सीटवर बसली. उजवीकडे मोकळी वाट. पुढच्या ओळीत एक आजोबा आणि त्यांचा पाच-सहा वर्षांचा नातू. पोर वाटेकडे पाय सोडून बसलं होतं. बुटांना चिकटपट्टी होती.

वातने त्या बुटांकडे बघितलं आणि मग मुद्दाम बघितलं नाही. असले बूट काय, दर दुसऱ्या पोराला असतात.

"काकू, इथे काही त्रास आहे का?" कॉफी घेताना तिने विचारलं.

"कसला त्रास. मांजर आहे म्हणतात लोक. सीटवर थापा मारतं, पायाशी येतं." काकूंनी साखर ढवळली. "चारच्या सुमाराला. मला दिसलं नाही कधी. मी खाली वाकतच नाही, कंबर धरते. आणि रविवारी नसतं हं, रविवारी सुट्टी घेतं बहुतेक."

रविवारी सेंटर बंद असायचं.

चार वाजले. चार वाजून तीन मिनिटांनी आधी वास आला. करपलेल्या साखरेचा. धूर नव्हता कुठेच, ऊन खिडक्यांतून सरळ आत पडलं होतं आणि उन्हात धूळ तरंगत होती. स्पीकरवर घरघर चालूच.

मागे, पहिल्या ओळीत, थप.

पहिल्या ओळीत कोणी नव्हतं. वातने मान वळवली नाही. वळवायची होती, पण मानेने ऐकलं नाही. थप, दुसरी. तिसऱ्या ओळीत फोन बघत बसलेल्या बाईच्या चपला आत सरकल्या, तेवढं ऐकू आलं. चौथी. मग वातच्या उजव्या हाताशी, हात टेकायच्या दांडीवर, चार बोटं टेकली. नारिंगी. मधल्या बोटावर दात विचकलेलं तोंड, त्याला दोन शिंगं.

पुरता एक क्षण. मागे मनगट होतं की नाही ते तिने पाहिलं नाही. बोटं सरकली, पुढच्या सीटवर थप झालं, आणि पोराने पाय वर घेतले, आजोबांशी काहीतरी बोलता बोलता.

आणि वातच्या तोंडून निघालं. विचार करून नाही. दोन महिने रोज शंभर वेळा जे घोटलं होतं तेच, पोटातून, मोठ्याने.

"इकडे या. माझ्या आवाजाकडे या."

सगळे बघायला लागले. काकूंनी चमचा खाली ठेवला. सातव्या ओळीपर्यंत गेलेली थाप थांबली. मग वळली. सहा. पाच. तिच्या गुडघ्यापाशी येऊन थांबली, चाचपडत, जशी पुढच्या हुकमाची वाट बघत होती.

तेव्हा वातला कळलं तिने काय केलं होतं. दार पुढे होतं, त्याचं दार, तिकडच्या शेडमधलं. आणि तिने त्याला मागे बोलावलं होतं.

"जा," ती पुटपुटली. "पुढे जा. ठोकळ्या, माठा, पुढे जा ना."

थाप पुढे गेली. परत आली. मागे गेली. परत आली. नऊ ओळींमध्ये, इकडून तिकडे. बाकीचे लोक सवयीने पाय आत घेत होते, सोडत होते.

७

फोन वाजला तेव्हा चार वाजून वीस मिनिटं झाली होती. गोड वास कधीच गेला होता.

"कुठे आहेस तू?" मॅडम.

"बागेत."

"ठोकळा तुझ्याबरोबर आहे?"

पुढच्या सीटवर थप झालं.

"हे बघ," मॅडमचा आवाज टेकीला आलेला होता. "धूर बसून दहा मिनिटं झाली. तो मागच्या दाराने आत गेला, मी बघितलं. दोन्ही दारांशी आमची माणसं आहेत. आणि आत तो नाही. त्याला कुठे लपवलंयस, कसं, मला काही ऐकायचं नाही. त्याला बाहेर यायला सांग आणि तू उद्यापासून येऊ नकोस."

"मॅडम, धूर परत सोडा."

"वात."

"मॅडम, शप्पथ. नाव कट करा, काय करायचं ते करा. पण धूर बंद झाला म्हणून त्याला पलीकडे जाता येत नाहीये. तो इथे आहे. मधल्या तुकड्यात. काहीतरी करा हो."

वात शिव्यांची वाट बघत राहिली. आयुष्यात पहिल्यांदा तिला त्या हव्या होत्या, कारण शिव्या आल्या असत्या तर हे सगळं नेहमीचंच ठरलं असतं.

"कितव्या ओळीत बसलीयस?" मॅडमनी विचारलं. आवाज एकदम खाली.

"पाचव्या."

"पाय आत घे. आणि आता एक शब्द बोलू नकोस, काही झालं तरी."

"मी बोलले, मॅडम. मघाशी."

"काय बोललीस?"

"तुम्ही शिकवलंत तेच."

मॅडमनी डोळे मिटले असावेत, असा श्वास ऐकू आला. मग फोनपासून लांब, "काका, सोडा." काकांना ऐकू गेलं नसावं, कारण मॅडम परत ओरडल्या. मग मशीनची सूं सूं.

करपलेली साखर. वातने पाय आत घेतले आणि ओठ दातांत धरले. चाचपडणारी थाप तिच्याशी आली, जरा रेंगाळली, आणि पुढे निघाली. सहा. सात. आठ. नऊ. तिरळ्या पायलटपाशी ती पोचली आणि संपली.

फोनमध्ये बऱ्याच वेळाने दाराचा खटका. कोणीतरी रडल्यासारखं खोकत होतं.

"आला," मॅडम म्हणाल्या. मग, सवयीने म्हणा किंवा दुसरं काही सुचलं नाही म्हणून, "ओळी किती?"

"चौदा," ठोकळ्याचा आवाज आला. "चौदा, मॅडम. चौदाच."

वातच्या डोळ्यांत पाणी आलं आणि हसूही आलं. शिकला शेवटी. पास झाला गाढव. तिने फोन कानाला दाबून धरला, आणि पाय बाहेर सोडणार तोच मागे, पहिल्या ओळीत, थप झालं.

हे मोज्याचं नव्हतं. उघड्या तळव्याचं होतं, ओलसर.

दुसरी ओळ. तिसरी. आणि ती थाप तिसरीला असतानाच पहिलीला आणखी एक. तिच्यामागे आणखी एक, हलकी, लहान हाताची. घाई कोणालाच नव्हती; ज्यांना कधी दारच सापडलं नव्हतं, त्यांना आता कसली घाई. आवाज आला होता, आवाजाकडे यायचं, एवढंच. वातने खाली बघितलं नाही. उजव्या हाताशी दांडी दबली आणि सुटली, दबली आणि सुटली.

फोनमध्ये तिकडच्या दाराचा खटका परत झाला. थोड्या वेळाने परत. ठोकळ्याचं खोकणं थांबलं होतं.

"वात," मॅडम म्हणाल्या. दमलेल्या, त्रासलेल्या, मस्करी संपव अशी विनवणी करणाऱ्या आवाजात. "तू नेमकी कोणाकोणाला हाक मारलीस गं?"

पुढच्या सीटवरचं पोर पाय पोटाशी घेऊन बसलं होतं. अजून खाली सोडत नव्हतं.